लांडगा, उंदीर आणि बंद पडलेला स्पीकर : 'द बॅड गाइज'च्या अमळनेरातील एका खेळाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातील एका दुपारी अमळनेर येथील एका वाचनालयाच्या बालविभागात 'द बॅड गाइज' हा अमेरिकी ॲनिमेशनपट मुलांना दाखवला. दुसरी ते सातवीतली चाळीसेक मुले होती, बहुतेक मराठी माध्यमाच्या शाळांतली आणि घरी अहिराणी बोलणारी. चित्रपटाचे संवाद मात्र इंग्रजी होते. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीतल्या या उपक्रमासाठी चित्रपट निवडण्याचे काम माझ्याकडे असते. खेळाच्या मध्यावर स्पीकर बंद पडला आणि जवळजवळ बारा मिनिटे चित्रपट मुका चालला. हा घोटाळा झाला नसता तर हे टिपण लिहिण्याचे कारणही उरले नसते, कारण या चित्रपटाचे बळ कुठे आहे आणि तो कुठे लंगडतो, हे त्या बारा मिनिटांनी आणि आवाज परत आल्यानंतरच्या काही प्रसंगांनी मला जितके स्वच्छ दाखवले, तितके घरी दोनदा पाहूनही दिसले नव्हते.

चित्रपटाची ओळख

ड्रीमवर्क्स या अमेरिकी ॲनिमेशन स्टुडिओचा हा चित्रपट एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. पिएर पेरिफेल या फ्रेंच ॲनिमेटरचे पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे हे पहिलेच दिग्दर्शन. ऑस्ट्रेलियन लेखक ॲरन ब्लेबी यांची याच नावाची बालपुस्तकमाला २०१५ पासून निघू लागली, तिच्यावर तो बेतलेला आहे. लांबी १०० मिनिटे. जगभरातून त्याने सुमारे २५ कोटी डॉलर कमावले आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला.

कथा पाच चोरांच्या टोळीची आहे. पांढऱ्या सुटातला लांडगा हा म्होरक्या, तिजोऱ्या फोडणारा साप हा त्याचा जुना जोडीदार, आणि सोबत वेषांतर करणारा शार्क, संगणकात शिरणारी मोठी कोळीण आणि डोके फिरलेला पिराना मासा. सोन्याचा डॉल्फिन चोरण्याच्या प्रयत्नात ही टोळी पकडली जाते. मार्मालेड नावाचा परोपकारी गिनीपिग 'मी यांना सुधारून दाखवतो' असे म्हणून त्यांना आपल्या घरी नेतो, आणि पुढे उघड होते की खरा खलनायक तोच आहे. शहरात पडलेली हृदयाच्या आकाराची उल्का वापरून तो हजारो गिनीपिगांची मने ताब्यात घेतो आणि दानधर्माचा पैसा लुटायला निघतो. शहराची गव्हर्नर एक कोल्हीण आहे, आणि तीही एके काळची नामांकित चोर असल्याचे आपल्याला कळते.

खेळ सुरू होण्यापूर्वी मी पाच मिनिटे मराठीत ही पात्रे तेवढी सांगितली होती. कथा मुद्दाम सांगितली नाही.

पहिला अर्धा तास

सुरुवातीचे दृश्य हा चित्रपटाचा सर्वांत धाडसी भाग आहे. लांडगा आणि साप एका खानावळीच्या टेबलावर समोरासमोर बसून वाढदिवसाविषयी वाद घालतात; सापाचा वाढदिवस आहे आणि त्याला तो नको आहे. कॅमेरा कट न घेता रेंगाळत राहतो. दोघे उठतात तेव्हा लक्षात येते की खानावळीतली बाकीची माणसे भिंतीला चिकटून थिजलेली आहेत. तिथून ते रस्ता ओलांडतात आणि बँक लुटतात. मोठ्यांच्या गुन्हेपटांची चाल मुलांच्या चित्रपटात इतक्या निवांतपणे आणणे सोपे नाही. परंतु आमच्या मुलांसाठी हे दृश्य निम्मेच पोहोचले, कारण त्याची गंमत दोघांच्या बोलण्याच्या लयीत आहे आणि ते बोलणे त्यांना कळत नव्हते. तरीही भिंतीला चिकटलेली माणसे दिसताच पुढच्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने हसला, आणि मग त्याच्यामागे सगळे हसले.

त्यानंतरचा मोटारींचा पाठलाग सुरू झाल्यावर भाषेचा प्रश्नच उरला नाही. येथे चित्रकला शिक्षक म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हा चित्रपट संगणकावर घडवलेला त्रिमितीय आहे, परंतु त्याच्या पृष्ठभागावर हाताने काढल्यासारख्या रेषा आहेत. लांडग्याच्या भुवया, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, घासून थांबलेल्या चाकांतून उठणारा धूर हे सर्व पेनाने ओढल्यासारखे दिसते. धुराचा लोट खऱ्या धुरासारखा विरत नाही. व्यंगचित्रातल्या ढगासारखा त्याला काठ असतो. हालचालही सलग गुळगुळीत ठेवलेली नाही, मधल्या काही चौकटी गाळल्यासारखी ती ठसक्याने पुढे सरकते, आणि त्यामुळे प्रत्येक उडी मुलाने वहीच्या कोपऱ्यात काढून पानांवर पळवलेल्या चित्रासारखी वाटते. २०१८ च्या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनपटानंतर ही वाट अनेकांनी धरली. पण तिथे ती कॉमिकच्या छापील ठिपक्यांकडे जाते, तर इथे ती व्यंगचित्रकाराच्या झपाट्याकडे जाते. मुलांना यातले काही सांगावे लागले नाही. चौथीतल्या एका मुलीने मध्येच मला विचारले, "सर, हे पेनानं काढेल शे का?" शंभर मिनिटांत मला मिळालेला हा सर्वांत मोठा अभिप्राय होता.

आवाज गेला तेव्हा

संग्रहालयातल्या समारंभाचे दृश्य सुरू झाले आणि स्पीकर गेला. वीज गेली नव्हती, प्रोजेक्टर चालू होता. फक्त आवाज नाही. प्रोजेक्टर चालवणारे भाऊ वायरी तपासू लागले. मी खेळ थांबवायला सांगणार होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून "राहू द्या ना सर" असा गलका झाला आणि चित्रपट तसाच चालू राहिला.

या भागात टोळी सोन्याचा डॉल्फिन चोरायला सजूनधजून येते. आवाज नसताना मुलांनी त्यातले काय काय ओळखले, ते मी त्याच वेळी टिपून घेतले. कोण पहारेकऱ्यांचे लक्ष वळवतो आहे, कोण आत शिरतो आहे, केव्हा बेत फिसकटतो, हे त्यांनी बिनचूक सांगितले. अवाढव्य शार्क जुजबी वेष घालून सर्वांसमोर उभा राहतो आणि कोणालाही तो शार्क आहे हे कळत नाही, हा विनोद तर आवाजाशिवाय अधिकच रंगला. आणि जिन्यावरून पडणाऱ्या म्हातारीला लांडगा सावरतो, ती त्याचे कौतुक करते आणि त्याची शेपटी त्याच्या मनाविरुद्ध हलू लागते, तेव्हा संपूर्ण खोली हसली. त्या क्षणी लांडग्याचा चेहरा जे लपवू पाहतो, तेच शेपटी बोलते. चित्रपटाचा सारा विषय, म्हणजे स्वतःला वाईट मानणाऱ्याला चांगले वागण्याचा आनंद पहिल्यांदा होणे, त्या एका शेपटीत आला आहे आणि त्यासाठी एकही शब्द लागलेला नाही. माझ्या मते सबंध चित्रपटातली हीच सर्वांत चांगली कल्पना आहे.

आवाज परत आला तेव्हा टोळी मार्मालेडकडे सुधारण्याचे धडे घेत होती. झाडावरच्या मांजराचा प्रसंग आणि प्रयोगशाळेतल्या गिनीपिगांना सोडवण्याचा प्रसंग, ज्यात सापाच्या तोंडाला पाणी सुटते, हे दोन्ही छान चालले. परंतु त्यानंतर मार्मालेड आपला बेत उलगडून सांगू लागतो तेथे, पूर्ण आवाज असूनही, मुलांची चुळबुळ सुरू झाली. दोघे पाणी प्यायला उठले. एकाने शेजाऱ्याच्या केसांत कागदाचा बोळा घातला. खलनायकाने थांबून स्वतःचा कट शब्दांत समजावून सांगणे ही जुनी खोड आहे, आणि जो चित्रपट शेपटीने एवढे बोलू शकतो, त्याने तिचा आधार घ्यावा, ही त्याची पहिली मोठी उणीव मी मानतो. भाषा कळत नसल्यामुळे मुले कंटाळली, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. पण समारंभाच्या वेळी तर त्यांना भाषाच काय, आवाजही नव्हता.

कोणाला कोण वाटते

दुसरी उणीव मला एकट्याने पाहताना कळलीच नसती. चित्रपटाचा धक्का एका समजुतीवर उभा आहे : गिनीपिग हा गोंडस, निरुपद्रवी, मुलांनी पाळायचा प्राणी असतो, म्हणून तो खलनायक निघाला की प्रेक्षक दचकतो. अमळनेरच्या मुलांनी गिनीपिग पाहिलेलाच नव्हता. मी आधी नाव सांगूनही त्यांच्या लेखी तो उंदीर होता, आणि उंदराविषयी त्यांचे मत कणगीत शिरणाऱ्या उंदरावरून बनलेले होते. मार्मालेड पहिल्यांदा गोड हसला तेव्हाच एका पोराने निकाल देऊन टाकला, "हाऊ उंदीरच चोर शे." कोल्हिणीचेही तेच झाले. आपल्याकडे पंचतंत्रापासून आजीच्या गोष्टींपर्यंत कोल्हा धूर्त असल्याशिवाय गोष्टीत येतच नाही, त्यामुळे गव्हर्नरबाईंचे गुपित उघड होण्याआधीच त्यांच्यावर संशय घेऊन झाला होता. मोठ्या प्रेक्षकांनाही ही दोन्ही रहस्ये बरीच आधी कळतात. येथे फक्त ती वेगळ्या वाटेने कळली.

सापाबाबत उलटा प्रकार झाला. चित्रपट त्याला भीतीदायक मानून सुरुवात करतो, परंतु नागपंचमीला पुजला जाणारा आणि शेतात भेटणारा साप आमच्या मुलांच्या परिचयाचा आहे. हा कुरकुऱ्या म्हाताऱ्यासारखा साप त्यांना भीतीदायक तर नाहीच, उलट लगेच जवळचा वाटला. तो आपल्या वाटची शेवटची कुल्फीची कांडी शार्कला देतो, तेव्हा खोलीत कोणी हसले नाही. सगळे गप्प राहिले. मे महिन्यात खान्देशात बसून ज्याने कांडी वाटून खाल्ली आहे, त्याला तिची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

याउलट, लांडग्याच्या ऐटीची तुलना हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनीशी करणारा विनोद हवेतच विरला. हॉलिवूडच्या दरोडापटांवर वाढलेल्या पालकांसाठी असे चिमटे घातलेले असतात. ते आपल्याकडे लागू पडले नाहीत, याला मी दोष म्हणणार नाही.

मांजर का बोलत नाही

मध्यंतरात मी प्रश्न विचारायला सांगितले. पहिला प्रश्न दुसरीतल्या मुलीचा होता : "मांजर काबर नही बोलस?" मला उत्तर देता आले नाही. या शहरात माणसे आहेत, त्यांच्यात बोलणारे मोजके प्राणी आहेत, आणि त्याच वेळी झाडावर अडकलेले मांजर मुके आहे, प्रयोगशाळेतले गिनीपिग मुके आहेत. मार्मालेड गिनीपिग असून भाषण करतो आणि त्याचेच भाऊबंद पिंजऱ्यात आहेत, याचे त्याला काय वाटते? खलनायक म्हणून त्याच्या मनात शिरायला केवढी मोठी फट तेथे होती. चित्रपट तिच्याकडे पाहतही नाही. परीकथेत हे चालते असे म्हणता येईल; परंतु हा चित्रपट स्वतः 'जन्माने लागलेला शिक्का' या विषयावर बोलतो, तेव्हा कोणाला बोलता येते आणि कोणाला नाही हा त्याच्या घरातलाच प्रश्न ठरतो.

दुसरा प्रश्न सापाविषयी होता. तो खरोखर मार्मालेडच्या बाजूला गेला होता की पहिल्यापासून नाटक करत होता? हा प्रश्न अर्थात शेवटी आला, चित्रपट संपल्यावर. दरोड्याच्या कथेचा एक अलिखित नियम असतो : प्रेक्षकाला आधी सांगितलेला बेत फसतो आणि न सांगितलेला तडीस जातो. हा चित्रपट तो नियम नीट पाळतो. समारंभाची चोरी फसते, आणि शेवटी सापाने खऱ्या उल्केच्या जागी तिच्यासारखा दिसणारा दिवा ठेवल्याचे उघड होते. चाल म्हणून हे उत्तम आहे. परंतु सापाचे मन केव्हा फिरले आणि केव्हा परत फिरले, हे पडद्यावर कुठेही दिसत नाही, आणि दोन मित्रांचे तुटणे हा या कथेचा खरा गाभा असल्याने चाल जिंकते तेथे गाभा थोडा पोकळ राहतो. मी मुलांना "तुम्हाला काय वाटते?" असे विचारून वेळ मारून नेली.

बाकीच्या तिघांबद्दल थोडक्यात. कोळीण, शार्क आणि पिराना यांना प्रत्येकी एकेक युक्ती आहे, कथा नाही. पिरानाचा घाबरल्यावर वायू सुटण्याचा विनोद चित्रपट वारंवार वापरतो. मुले प्रत्येक वेळी हसली. मी पहिल्यांदा हसलो.

शिक्का आणि शिक्षा

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. लांडगा म्हणतो त्याचा आशय असा की लोक आम्हाला राक्षसच समजतात, मग आम्ही तसेच का होऊ नये. या विषयाला आपल्या भागात इतिहास आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने येथून जवळच्या धरणगावात भिल्लांची पलटण उभी केली. ज्यांना कंपनी सरकार लुटारू म्हणत होते, त्यांनाच बंदोबस्ताला लावले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या वस्तीत जातात, हे आमच्या वर्गातल्या काही मुलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणून विनोदी चोरपट असूनही हा विषय मी गंभीरपणे घेतो.

चित्रपट त्याची सुरुवात प्रामाणिकपणे करतो. शहरातले लोक लांडग्याला पाहूनच पळतात, त्याने काही केले असो वा नसो. परंतु शेवटाकडे पाहा. कोल्हीण आपला भूतकाळ सर्वांसमोर कबूल करायला निघते, तेव्हा लांडगा तिला थांबवतो आणि टोळी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होते. पाच जण तुरुंगात जातात. गव्हर्नर खुर्चीवर राहते. मार्मालेडकडे जुना चोरीचा हिरा सापडतो, म्हणून कोल्हिणीच्या चोऱ्यांचा आळही त्याच्यावरच येतो. तो दोषी आहेच, पण त्या गुन्ह्याचा नाही. खोटा शिक्का किती घातक असतो हे सांगायला निघालेली कथा अशा रीतीने एका खोट्या शिक्क्यावर संपते, आणि तिच्या हे ध्यानातही येत नाही. ज्या शहराने त्यांना आधीच दोषी ठरवले होते, ते शहर शेवटपर्यंत कसलीही कबुली देत नाही. सुधारायचे ते टोळीनेच. वर्षाने ते सुटतात आणि कोल्हीण त्यांना घ्यायला येते, हा आनंदाचा क्षण चांगला रेखाटला आहे. हिशेब मात्र चुकलेलाच राहतो.

गिनीपिगाबाबतही तीच गफलत आहे. भीतीदायक दिसणारे चांगले निघाले आणि गोंडस दिसणारा वाईट, एवढे केल्याने दिसण्यावरून पारख करण्याची सवय मोडत नाही, फक्त तिची दिशा बदलते. साने गुरुजींनी शिक्षक म्हणून काही वर्षे घालवलेल्या या गावात गोष्ट म्हटली की पालक तात्पर्य विचारतातच. "चोरांना हिरो केलंय, सर", असे एका पालकांनी दारातच मला ऐकवले. त्यांचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. चोरी रंगवण्यात हा चित्रपट अतिशय तरबेज आहे आणि मुलांना ती खोटी मजा आहे हे कळते. माझा आक्षेप शिक्षेच्या वाटणीला आहे.

चित्रे

खेळ संपल्यावर मी सर्वांना ड्रॉइंगचे कागद दिले आणि आवडेल ते काढायला सांगितले. बहुतेकांनी लांडगा काढला, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी शेपटीभोवती हलल्याच्या रेषा ओढल्या, जशा चित्रपटात गाडीच्या चाकांभोवती असतात. उल्का फक्त दोघांनी काढली. एकाने मार्मालेडला मिशा आणि लांब शेपटी दिली होती आणि खाली 'उंदीर' असे लिहिले होते. पाचवीतल्या एका मुलीच्या कागदावर तुरुंगाच्या गजांमागे सहा जण होते. सहाव्याचे कान टोकदार आणि शेपूट झुबकेदार होती. मी तिला विचारले की यात ही कोल्हीण कशी, ती तर बाहेर होती ना? ती रंग भरत राहिली आणि वर न बघता म्हणाली, "तिनं बी चोरी कयेल होती ना, सर."